मुलींत बसवू का?

माझा भाचा सत्तावीस वर्षांचा आहे. हिंजवडीत नोकरी, वाकडला तिघांत मिळून भाड्याचा फ्लॅट, गावाकडे बार्शी तालुक्यात सहा एकर, त्यातली दोन बागायत. बायोडाटाच्या भाषेत निर्व्यसनी. गेल्या दिवाळीत त्याने माझ्यापुढे फोन सरकवला. "मामा, तुम्ही पेपरात लिहिता ना? जरा माझी प्रोफाइल बघा. दीड वर्षात चार मॅच आल्या. त्यातली एक क्रिप्टोवाली निघाली."

बघितली. पहिल्या फोटोत गॉगल लावून तो एका फॉर्च्युनरला टेकलेला. गाडी कोणाची ते मी विचारलं नाही. दुसऱ्यात जिमच्या आरशासमोर, चेहऱ्याच्या जागी मोबाइल. तिसऱ्यात मित्राच्या वरातीत फेटे बांधलेले नऊ जण, आणि त्यातला आपला कोणता हे सख्ख्या मामालाही दोनदा बघावं लागलं. खाली ओळख लिहिलेली: सिम्पल बॉय, फॅमिली फर्स्ट, टाइमपासवाल्यांनी लांब राहावं. गिऱ्हाईक दुकानात शिरायच्या आधीच उधारी बंदची पाटी.

मग त्याने गप्पा दाखवल्या. जिथे ब्लॉक झाला होता तिथले स्क्रीनशॉट त्याने काढून ठेवले होते, कोर्टात लावायच्या पुराव्यासारखे. क्रिप्टोवाली सोडली तर तिन्ही ठिकाणी एकच नाटक, एकाच क्रमाने. "हाय." "हॅलो." "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी सकाळी वाफाळत्या कपाचं गुड मॉर्निंग. दुपारी "बिझी आहेस का?" संध्याकाळी "रिप्लाय द्यायचा नसतो तर मॅच कशाला करतेस?" रात्री पावणेबाराला "एवढा अ‍ॅटिट्यूड बरा नाही." एका मुलीने या सगळ्या प्रकारात एकंदर दोन शब्द लिहिले होते, 'हाय' आणि 'हो'. 'हो' हे जेवणाबद्दल.

"ही करते काय?" मी विचारलं.

"जॉब."

"कसला?"

"आयटीच असेल ना, मामा."

तिने अजून ब्लॉक केलेलं नव्हतं, म्हणून मी तिची प्रोफाइल उघडायला लावली. उजनीच्या पाण्यावर उतरलेल्या रोहित पक्ष्यांचे फोटो होते, भिगवणला काढलेले. दर हिवाळ्यात तिथे जाते, असं तिने खाली लिहिलं होतं. भिगवण! हा पोरगा दर पंधरवड्याला भिगवणवरूनच गावाला जातो. गाडी तिथे चहाला थांबते. अख्ख्या अ‍ॅपवर या दोघांना जोडणारा एक धागा होता, आणि याने तिला विचारलं, जेवलीस का.

मी आधी हसलो. मग हसू आटलं, कारण आमच्या घरात मायेचं तेवढं एकच वाक्य आहे. माझे वडील फोनवर मला तेवढंच विचारायचे. "जेवलास का?" "हो." "बरं, ठेवतो." त्यात त्यांना काय काय म्हणायचं असायचं ते मला त्यांच्या दहाव्यानंतर उमगलं. भाच्याने घरातून मिळालेली सगळी पुंजी त्या मुलीपुढे मांडली होती. पुंजीच दोन शब्दांची, त्याला तो काय करणार?

आता तरुण पोरांच्या या दैन्यावर बोलणारे पुष्कळ झालेत. कोणी म्हणतं मुली शेफारल्या. कोणी म्हणतं अ‍ॅपने वाटोळं केलं. कोणी इंग्रजी पुस्तकातून दोन शब्द उचलून सगळ्या पुरुषजातीला विषारी ठरवतं आणि कॉफी मागवतं. माझं म्हणणं यापेक्षा घरगुती आहे. या पोरांना दुसऱ्या माणसाशी बोलायला आपण शिकवलं नाही. आणि न शिकताही चालून जातं ही सवलत पोरांना इतकी गोड लागली की ती सोडायला ती तयार नाहीत. पहिला गुन्हा आपला, दुसरा त्यांचा.

माझी शाळा तालुक्याच्या गावातली. नाव सांगत नाही, मास्तर हयात आहेत. वर्गात डावीकडे मुली, उजवीकडे मुलं, मध्ये दीड हाताची वाट. ती वाट म्हणजे वाघा बॉर्डर. दंगा केला की मास्तर छडी दाखवायचे. छडीचं कोणाला काही वाटायचं नाही, हात चोळला की झालं. खरी धमकी वेगळी होती. "मुलींत बसवू का?" एवढं म्हटलं की वर्ग चिडीचूप. सातवीत मला एकदा बसवलं. अख्खा एक तास, दोघींच्या मध्ये. मी कोपरं पोटाशी ओढून बसलो होतो, त्यांनीही अंग चोरलं होतं. पुढे आठवडाभर मुलांनी मला त्यातल्या एकीच्या नावाने चिडवलं आणि मला रडू आलं. त्या दोघींना काय वाटलं असेल? आपल्या शेजारी बसावं लागणं ही या शाळेतली सगळ्यांत कडक शिक्षा आहे, हे सातवीतल्या दोन मुलींनी त्या दिवशी ऐकलं. हा विचार माझ्या डोक्यात शिरायला तीस वर्षं लागली.

कॉलेजात गेलो तेव्हा भाषा तयार होती. मुलगी 'लाइन देते' किंवा देत नाही. मुलीकडे 'फ्रेंडशिप मागायची', आणि ती 'फ्रेंडशिप देते' किंवा देत नाही. मैत्री म्हणजे जणू रेशनवरची साखर. नाही म्हणायचं तर तिच्याकडे एक हुकमी हत्यार होतं, राखी. श्रावणात आमच्या वर्गातली निम्मी मुलं गैरहजर असायची ती मनगट वाचवण्यासाठी. मुलगी एक तर बहीण, नाही तर माल. तिसरा रकानाच नव्हता. जिच्याशी गणिताच्या पेपरबद्दल, पावसाबद्दल, बापाच्या तापट स्वभावाबद्दल नुसतं बोलता येतं अशी बाई आम्ही पाहिलीच नाही. मग एक दिवस आईबापांनी पोह्यांची बशी घेऊन आलेल्या अनोळखी मुलीसमोर बसवलं, म्हणाले, "तुम्ही दोघं बोला हं मोकळेपणाने," आणि दाराआड उभे राहिले.

आमचं तरी निभावलं, कारण बोलता येण्याची अटच नव्हती. पत्रिका बोलायची, पगार बोलायचा, मामा बोलायचे. नवरदेव नुसता हजर असला की पुरे. भाच्याच्या पिढीला ती सोय राहिली नाही, आणि तयारी मात्र आमच्याइतकीच. 2007 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाने बंद पाडला तेव्हा भाचा प्राथमिक शाळेत होता. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मधल्या नऊ वर्षांत वर्गात कोणी चकार शब्द बोललं नाही आणि मग एका महिन्यात सगळं काही, फुकट, रात्रभर, हॉस्टेलच्या पांघरुणात. तिथे त्याने बाई पाहिली ती अशी, की जिला ना नाव, ना कंटाळा, ना कधी नको वाटणं. जिच्याशी एक वाक्य बोलावं लागत नाही. त्या शाळेतून पास झालेला मुलगा भिगवणच्या रोहित पक्ष्यांबद्दल विचारेल ही अपेक्षा जरा जास्तच.

आणि हे सगळं कुठल्या मुलखात? र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्या मुलखात. लोक कर्व्यांना पत्रं लिहून आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारायचे आणि कर्वे छापील उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, बचावाला डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि कर्वे हरले. नव्वद वर्षं झाली, निकाल अजून तोच आहे. फरक एवढाच की तेव्हाचा वाचक निदान पत्र लिहून प्रश्न विचारत होता. आजचा पोरगा रात्री दोन वाजता ब्राउझरची हिस्ट्री पुसतो.

आता घरात या. माझी ताई, म्हणजे या भाच्याची आई, पाहुण्यांत कौतुकाने सांगते, "आमच्या बाळूला साधं पाणीही हाताने घ्यायची सवय नाही." (त्याचं नाव बाळू नाही, पण घरोघरी बाळूच असतो.) मुलीकडची माणसं हे ऐकतात, मुलगीही ऐकते. ताईला वाटतं, आपण पोराची किंमत वाढवली. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये लोक चोवीस तासांचं काय करतात याची देशभर पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती. पुरुषाची 97, आणि तीही जे करत होते त्यांचीच. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस. मुलगी ही पाहणी वाचत नाही. तिला गरज नाही, तिने आई पाहिलेली असते. 'फॅमिली फर्स्ट' वाचलं की त्यामागची पाच तासांची भांडी तिला दिसतात.

वधू-वर मेळाव्यातल्या पुस्तिका चाळून बघा. मुलाच्या पानावर अपेक्षा असतात: सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी असल्यास उत्तम. हा 'असल्यास उत्तम' मला फार आवडतो. जणू गाडीबरोबर टेपरेकॉर्डर. मुलाच्या गुणांत 'गृहकृत्यदक्ष' लिहिलेलं मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. तिकडे मुली काय करत होत्या? 2024 च्या बारावीत राज्यात 95.44 टक्के मुली पास झाल्या आणि 91.60 टक्के मुलगे. हे एका वर्षाचं नाही, वर्षानुवर्षं मुलीच पुढे आहेत आणि वर्षानुवर्षं आपण 'यंदाही मुलींचीच बाजी' असा मथळा वाचून पान उलटतो. त्या बाजी मारलेल्या मुली पुढे जातात कुठे? त्या नोकरीला लागतात, स्वतःचं भाडं भरतात, आणि एक दिवस त्यांना कळतं की नवरा ही जगण्याची सोय उरलेली नाही. तो आता आवडायला लागणार. आवडणं! आमच्या पोरांना या विषयाचा पेपर आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, मुलीही काही कमी नाहीत. बरोबर आहे. पॅकेज विचारतात, पुण्यात फ्लॅट विचारतात, उंची इंचात विचारतात, सासू-सासरे गावाकडेच राहतील ना ते आडून विचारतात. विचारू देत. शंभर वर्षं मुलाकडच्यांनी मुलीला चालून दाखवायला लावलं, केस सोडून दाखवायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला. आता यादी दुसऱ्या हातात गेली तर एवढा कांगावा कशाला?

या प्रश्नाचं दुसरं टोक हिंजवडीपासून लांब आहे आणि तिथे अ‍ॅप नाही. 21 डिसेंबर 2022 रोजी सोलापुरात नवरदेवांचा मोर्चा निघाला होता. ज्योती क्रांती परिषदेने काढलेला. बाशिंगं बांधलेले, वरातीच्या वेशातले, घोड्यांवर बसलेले लग्नाळू तरुण वाजत-गाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले आणि म्हणाले, आम्हाला बायको द्या. व्हिडिओ माझ्याकडे चार ग्रुपांतून आला, प्रत्येकाखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मीही एक तोंड टाकलं. नंतर त्यांचं निवेदन काय होतं ते वाचलं. मागणी होती, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कडक अंमलबजावणी करा.

म्हणजे घोड्यावरच्या पोरांना हिशेब कळला होता, तो हसणाऱ्यांना कळला नव्हता. शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा कोणी केला? महाराष्ट्राने, 1988 मध्ये. कायदा कपाटात, मशीन टेबलावर. मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले 19 भ्रूण सापडले. मुली आम्हाला नकार देतात, अशी कुरकूर करणाऱ्या प्रत्येक पोराने हे आकडे एकदा मोठ्याने वाचावेत. नकाराची सुरुवात त्याच्या आजीने, बापाने आणि तालुक्याच्या डॉक्टरने केली. ज्या मुलीने त्याला हो म्हटलं असतं तिला हो-नाही म्हणायचा वेळच मिळालेला नाही.

ज्या जन्मल्या त्या शेतकरी नवरा का नाकारतात, हाही मोठा गहन प्रश्न असल्यासारखा चर्चिला जातो. पोरीच्या बापाला शेती हवी पण जावई शेतकरी नको, हे आमच्याकडे कट्ट्यावर रोज ऐकू येतं, वर एक उसासा. बापाचं सोडा, आईला विचारा. पहाटे उठून धार, मग डबे, मग खुरपं घेऊन वावरात, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, दिराचं, मेलेल्या सासऱ्याचं, हिचं नाही. ही बाई लेकीला त्याच घरात पाठवेल? कांद्याचा भाव पडला म्हणून लग्न मोडतं हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यासाठी सरकारला शिव्या घालायला मी तयार आहे. उरलेलं अर्धं घरातलं आहे. लग्नाआधी सुनेचं नाव दोन एकरांवर लावतो म्हणणारा एक सासरा मला दाखवा. मुली नाहीत म्हणून परजिल्ह्यातल्या, परराज्यातल्या एजंटाला दोन-तीन लाख मोजून आणलेली नवरी आठवड्यात दागिन्यांसकट पसार झाली, अशा बातम्या आपण वाचतो. पोलिसांत फिर्याद द्यायला जाणारा बाप हातातले तीन लाख काढायला तयार असतो, सातबारा सोडायला नाही.

बरं, समजा पोराला बोलता आलं. समजा भिगवणचा विषय निघाला, जमलं, दोघांनी उजनीच्या काठावर बसून मासेही खाल्ले. पुढचा प्रश्न तिचं आडनाव. भाच्याने मला हळूच सांगितलं की एका मुलीशी त्याने स्वतःहूनच पुढे बोलणं टाळलं, "कारण मामा, घरी चालणार नाही." जिथे बोलायला कसंबसं सुरुवात होते तिथे जातीचा गेटमन उभा. सोलापूरच्या मोर्चाच्या बरोबर आठ दिवस आधी, 13 डिसेंबर 2022 ला, राज्याच्या महिला व बालविकास विभागाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती नेमली होती. ओरड झाली तेव्हा 'आंतरजातीय' तेवढं गाळलं, 'आंतरधर्मीय' ठेवलं. एकाच महिन्यात एका दाराशी पोरं ओरडताहेत की जोडीदार मिळत नाही, आणि दुसऱ्या दाराशी सरकार वही घेऊन बसलंय की ज्यांना मिळाला त्यांनी तो कुठून आणला.

आणि काही पोरांसाठी बोलण्याची किंमत ब्लॉक होण्याइतकी स्वस्त नाही. 28 एप्रिल 2014 ला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला शाळेतून ओढून नेलं, मारहाण केली, आणि त्याचा जीव घेतला. संशय एवढाच की तो वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो. साक्षीदार फिरले आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मला मास्तरांनी मुलींत बसवलं ते आठवून आज हसता येतं, ते माझ्या आडनावामुळे. याच विषयावरचा 'सैराट' 2016 मध्ये आला तेव्हा आमच्या भागातली पोरं 'झिंगाट'वर खुर्च्यांवर चढून नाचली. करमाळ्यात चित्रीकरण झालेला, आमच्या उंबऱ्यातला सिनेमा. शेवटी थिएटर कसं गार पडलं होतं तेही मी पाहिलंय. वरातीत मात्र पुढची कितीतरी वर्षं वाजलं ते झिंगाटच.

मग या गोंधळलेल्या, चिडलेल्या, रात्री जाग्या असलेल्या पोराला धरतं कोण? फोनमधले गुरू. दाढी कोरलेली, मागे भाड्याची गाडी, हिंदीत धडे: अल्फा व्हा, रिप्लाय उशिरा द्या, बाईला डोक्यावर बसवू नका. यांचा जागतिक गुरू अँड्रू टेट. त्याच डिसेंबर 2022 मध्ये त्याला रोमानियात मानवी तस्करी आणि बलात्काराच्या संशयावरून अटक झाली. तो आरोप नाकारतो, चेले त्याहून जोरात नाकारतात. माझा भाचाही एक असा कोर्स घेऊन बसला होता, चार हजार नऊशे नव्याण्णव रुपयांना. त्यात काय शिकवलं म्हणालो, तर म्हणे पहिल्या मेसेजला तिची हलकीशी टिंगल करायची. हे शहाणपण आमच्या एसटी स्टँडवर फुकट मिळायचं आणि त्याला छेडछाड म्हणत. या गुरूंचा धंदा कळायला अवघड नाही: पोराला बोलता यावं हे त्यांच्या सोयीचं नाही, कारण बोलता आलं की तो पुढचा कोर्स घेणार नाही. अ‍ॅपवाल्यांचंही तेच. जुना वधू-वर सूचक मंडळवाला निदान लग्न जमलं की पेढा खायला यायचा. अ‍ॅपला पेढा परवडत नाही, एक जोडी जमली की दोन गिऱ्हाइकं गेली.

मुलींचं राहू द्या, हे पोरगे एकमेकांशी तरी बोलतात का? लहानपणी आमच्याकडची पोरं गळ्यात गळा घालून शाळेत जातात. मिसरूड फुटलं की हात सुटतो. पुढची जवळीक फक्त शिव्यांतून. आमच्या मराठीत दारू पिण्याला 'बसणं' म्हणतात, आणि ते उगीच नाही. "बसूया का?" असं मित्र विचारतो तेव्हा त्याला बापाशी भांडण झालेलं सांगायचं असतं, नोकरी गेलेली सांगायची असते, कोणीतरी सोडून गेलेली सांगायची असते. दोन पेग झाल्याशिवाय ते तोंडातून निघत नाही. तिसऱ्याला रडू येतं, चौथ्याला "भाई, तू आपला जीव आहेस," आणि सकाळी कोणाला काही आठवत नाही, निदान आठवत नसल्यासारखं सगळे वागतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची पोरं बघतो मी. एकतीस, बत्तीस वर्षांची. आठ-आठ वर्षं शेजारी शेजारी खुर्चीवर, एकमेकांच्या सहा परीक्षांचे निकाल तोंडपाठ, पण शेजाऱ्याला झोप लागत नाही हे माहीत नाही. यांच्या गळ्यात उद्या पोस्ट पडेल आणि पाठोपाठ मुलीही सांगून येतील, बंगल्यासकट. तेव्हा आपण म्हणू, बघा, प्रश्न सुटला.

तो सुटत नाही हे मी घरून सांगतो. माझं लग्न पोस्ट बघूनच झालं. लग्नाला बारा वर्षं झाली तेव्हा बायको एका रात्री म्हणाली, "तुम्ही माझ्याशी आजवर जे बोललात ना, ते सगळं एका वहीत लिहिलं तर किराणा मालाची यादी होईल." मी लेखक! मला राग आला. मी तिला खोडून काढायला एखादं बोलणं आठवू लागलो, हप्ता नाही, भाजी नाही, आईची बीपीची गोळी नाही, असं. पहाटेपर्यंत आठवत होतो. तिला कशाची भीती वाटते, हे मी तिला तोवर विचारलेलं नव्हतं. तिने मला विचारलं होतं, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, आणि मी म्हणालो होतो, "कशाचीच नाही." खोटं होतं ते. म्हणजे भाच्याला ब्लॉक केलं जातं आणि मला केलं गेलं नाही, एवढाच आमच्यात फरक. माझ्या वेळी बाईच्या हातात ते बटण नव्हतं.

म्हणून मुली बटण दाबतात याचं मला वाईट वाटत नाही. पोरांनो, तुमच्यावर अन्याय झालाय हे मी वर पानभर लिहिलं, पण तो मुलींनी केलेला नाही, आणि त्याची भरपाई मुलींकडे मागू नका. बारावीपर्यंत तुम्हाला शिकवलं नाही ते आमचं पाप. सत्ताविसाव्या वर्षी फोनवर आठ-आठ तास घालवून, पाच हजारांचा कोर्स घेऊन, एका मुलीने लिहिलेल्या चार ओळी वाचायचे कष्ट तुम्ही घेत नाही, ते तुमचं. पैसे भरून बूस्ट मारता. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. घरात आई आहे, ती लग्नाआधी काय व्हायचं म्हणत होती हे किती जणांना ठाऊक आहे? मी भाच्याला हे विचारलं. ताई समोरच करंज्या तळत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "मामा, विषय बदलू नका."

विषय बदललेला नाही, आकडेही आपली वाट बघत थांबलेले नाहीत. सोलापुरात घोड्यांवर बसलेली पोरं 946 आणि 913 च्या काळातली होती. 2011 च्या जनगणनेत, शून्य ते सहा वयोगटात, एकट्या बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे 807 मुली होत्या. त्या मोजणीतली थोरली पोरं आता कायद्याने लग्नाच्या वयाची झाली आहेत.